लिंबाखालची रांग

दापोडीच्या सरकारी दवाखान्यात म्हातारी माणसं आपापली औषधाची बाटली रांगेत ठेवायची आणि लिंबाखाली गप्पा मारत बसायची. ठकुबाई सगळ्यांच्या आधी यायची, पण कुणी नवं आलं की आपली बाटली हळूच त्याच्या मागे सरकवायची.

सत्तावन्नच्या निवडणुकीच्या तोंडावर पुढारी आले. ती रांग बघून त्यांना गलबलून आलं. त्यांनी रांगेचा प्रश्न मुळापासून सोडवला. दवाखानाच बंद केला आणि म्हाताऱ्यांना सरकारी खर्चानं खाजगी डॉक्टर लावून दिला.

तिथं पंखा होता, खुर्ची होती, दुसरं कुणी नव्हतं. पंख्याचा वारा लागेपर्यंत ठकुबाईची बाटली भरूनही झाली.

"आजी, आता ताटकळणं संपलं. खूश ना?"

"व्हय, लई झ्याक. पर डाक्टरसायेब, आमच्या रांगेतला कोंडीराम कवा येतो?"

"त्यांचा वार वेगळा."

घरी येऊन ठकुबाईनं ओसरीवर रॉकेलची बाटली मांडली, तिच्यामागे गोडेतेलाची आणि सगळ्यात शेवटी स्वतःची औषधाची. मग भिंतीला टेकून बसली.

"काय कोंडीरामभाऊ," ती रॉकेलच्या बाटलीला म्हणाली, "खोकला काय म्हंतोय?"