आठपैकी आठ

"हे काय भलतंच!" प्रणिता खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली.

स्क्रीनवर हिरवी ओळ होती. आठपैकी आठ चाचण्या पास. आणि तिने तर मुद्दाम खोटे निकाल भरले होते, क्रमांक चुकवून. एक, दोन, दोन, चार, पुढे सरळ आठपर्यंत. तीन गायबच. पेणच्या त्या लहानशा ऑफिसात आज तिचं काम तेवढंच होतं. प्रोग्रॅमच्या चाचण्या चालवणाऱ्या टूलला चुकीच्या क्रमांकाचे निकाल दिले तर ते बोंब मारतं का, हे बघायचं. टूलने हूं की चूं केलं नाही. त्या शहाण्याने नुसती मुंडकी मोजली. आठ पाहिजेत, आठ आहेत, चला, पास. तिसरी चाचणी झालीच नाही, दुसरीच दोनदा आली, याचं त्याला काही सोयरसुतक नाही.

मग तिच्या मनात नको ते आलं. खरे निकालसुद्धा असेच आले असतील तर?

रोह्याच्या एका केमिकल कंपनीसाठी त्यांनी गॅस अलार्मचा प्रोग्रॅम बनवला होता. तिने त्याचे निकाल उघडले. गेलं वर्षभर दर महिन्याला हिरवी ओळ. तिच्याखाली काय आहे ते कुणी बघितलंच नव्हतं. हिरवं दिसल्यावर कोण कशाला बघतंय? एक, दोन, तीन, तीन, पाच, पुढे आठपर्यंत.

चार नंबर नव्हता. गॅस सुटला की सायरन वाजतो का, ही ती चौथी चाचणी.

"सर, चार नंबर कुठे गेला?"

दत्तात्रेय सर ऑफिसातले सगळ्यात जुने. ते समोरच चहा पीत होते. "चार? अरे हां. तो मीच काढला. मागच्या वर्षी, गणपतीच्या आधी."

"काढला? का?"

"तू नव्हतीस तेव्हा. खाली कान्हूचा मूर्तींचा कारखाना हाय ना, तो आखणीला बसलेला. मूर्तीचा डोळा काढतोय, आणि वर चाचणीत आपला सायरन कोकलला. हात असा उडाला त्याचा, डोळ्याची रेघ पार सोंडेवर! ब्रश घेऊन वर आला मारायला. दीडशे मूर्तींचे डोळे राहिलेले बिचाऱ्याचे. म्हटलं, सीझनपुरती ही चाचणी काढू. पण आठ भरले नाय तर टूल लाल दाखवतं, म्हणून तीन नंबरचीच ओळ परत चिकटवली. सीझन संपला की लावणार होतो." सरांनी कप खाली ठेवला. "राहून गेलं."

राहून गेलं म्हणे! वर्ष उलटलं आणि राहून गेलं! माणूस वाईट नाही, शेजाऱ्याची अडचण बघणारा आहे, पण असला चांगुलपणा काय चाटायचाय? मधे दिवाळीत प्रोग्रॅममधला सायरनचा सगळा भाग नव्याने लिहिला होता. हिरवी ओळ बघून तो कंपनीत बसवलाही होता.

प्रणिताने चौथी चाचणी परत लावली. टेबलावरच्या अलार्मच्या खोक्याला गॅसचा खोटा आकडा दिला. आकडा चढला, दिवा लाल झाला. सायरन गप्प. तिने पुन्हा दिला. गप्पच.

"सर, माझा दादा, जितेश, तिथेच कामाला आहे."

जितेशची दुपारची शिफ्ट तीनला सुरू व्हायची, आणि आत जाताना फोन गेटवर जमा करावा लागायचा. पावणेतीन वाजले होते. सरांनी कंपनीच्या ऑफिसचा नंबर फिरवला. साहेब जेवायला गेलेत, अर्ध्या तासाने करा, असं तिथल्या बाईने सांगितलं आणि फोन ठेवूनही दिला. प्रणिताने दादाला फोन लावला.

"काय गो? बोल पटकन, फोन जमा करायचाय."

"दादा, आत जाऊ नको. तुमचा सायरन वाजतच नाय. दिवाळीपासून बिघडलाय, आमच्याकडूनच."

तो हसला. "वाजत नाय म्हणून तर बरं चाललंय गो. कालच मॅनेजरने पेढे वाटले. नऊ महिने झाले, एकदा पण सायरन नाय. एकदा पण गॅस लीक नाय."

"अरे, ऐक ना माझं!"

"ऐकतोय ना. जरा डोळे चुरचुरतात, तेवढं सोड. तीन दिवस झाले, सगळ्यांचेच. मी सकाळच्या शिफ्टमधल्या साहिलला विचारलं पण, हा गॅस तर नाय ना रे? तो बोलला, येडा काय तू, गॅस असता तर सायरन नसता का..."

तो बोलता बोलता थांबला.

प्रणिताला गेटवरच्या ट्रकची घरघर तेवढी ऐकू येत होती. "दादा?"

"सकाळची शिफ्ट आतच हाय," जितेश म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "साहिल पण. चाळीस माणसं हायत गो."

फोन त्याने बंद केला नाही. त्याच्या हातातच राहिला तो. आधी बुटांचा धपधप आवाज आला, मग धाप, आणि मग तो जीव खाऊन ओरडायला लागला, "बाहेर या! ए साहिल, बाहेर या रे सगळी!"

त्याच्या मागून गेटवरचा वॉचमन ओरडत येत होता. "ओ जितेश! फोन घेऊन आत कुठं निघालात? आणि बाहेर कशाला बोलावताय त्यांना? सायरन कुठं वाजलाय?"