रंभाबाईची बारी

"राग नेमका कुठून सुरू होतो, काका?" ज्ञानदा मॅडमनी विचारलं, तेव्हा रामहरीनं शेजारी बसलेल्या बायकोकडं बोट दाखवलं.

मॅडम हसल्या नाहीत. "तसं नव्हे. तुमच्या अंगात कुठून सुरू होतो?"

सोलापुरात सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर मॅडमचा दवाखाना. दवाखाना म्हणायचा, पण सुई नाही, गोळी नाही, नुसतं बोलायचं. उजनीकाठच्या गावातून रामहरी आधी एकटाच येऊन गेला होता. आज मॅडमनी रंभाबाईलाही बोलावलं होतं. ती माहेराहून, केमहून, रेल्वेनं आली. नातीच्या बारशापासून ती तिकडंच होती. भर मांडवात रामहरी तिच्यावर ओरडला होता, माझा मोबाईल कुठं टाकलास म्हणून. जावयानं रिंग दिली, तर मोबाईल रामहरीच्याच बंडीत वाजला. त्याच संध्याकाळी रंभाबाईनं भावाचं घर गाठलं आणि निरोप धाडला, "आधी डोकं दाखवा, मग न्यायला या."

"आज काकू बोलतील," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही फक्त ऐकायचं. उत्तर द्यायचं नाही. आतून उसळलं तर कुठं उसळतंय, तेवढं बघायचं."

"ऐकतो की." रामहरीला ते सोपं वाटलं. एवढ्या संसारात रंभाबाईचा आवाज चढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

"मला काय बोलायचं न्हाय," रंभाबाई म्हणाली. "ह्यांचा सोभावच हाय तसा. मनानं लई चांगले हायेत."

"असतील. पण राग तुम्हाला आलाय का?"

रंभाबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "व्हय."

तेवढा एक शब्द निघाला आणि पुढचं सगळं आपसूक बाहेर आलं.

"मोबाईल वाजला तवा समदे हसले. पोरीची सासू हसली, आचारी हसला, तुमीबी हसलात. आन् मीबी हसले! पावण्यांना अवघड वाटू नये म्हणून माझ्याच फजितीला मी हसले. त्याचा मला राग हाय. लई राग हाय!"

शेवटचा शब्द असा कडाडला की बाहेर बाकावर बसलेल्या माणसानं दारातून डोकावून बघितलं.

रामहरीची कानशिलं तापली. मुठी आवळल्या. "अगं, पर मी..."

मॅडमनी हात वर केला. "कुठं उसळतंय काका?"

"कानात." तो थांबला. "आन् छातीत."

"छातीत काय होतंय?"

एरवी रामहरी इथं थांबतच नसे. कानशिलं तापली की तोंड सुटलंच. मधे काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. आज तोंड मिटून ठेवायचं होतं, म्हणून नाइलाजानं तो आत बघत राहिला. छातीत राग नव्हताच. काठावर पायाखालची माती सुटावी तसं काहीतरी होत होतं.

"भ्या वाटतंय," तो म्हणाला. "ही आता उठंल आन् केमला जाईल. कायमची."

रंभाबाई त्याच्याकडं बघतच राहिली.

"आणि बारशात?" मॅडमनी हळूच विचारलं. "मोबाईल सापडत नव्हता तेव्हा?"

"व्याही समोरच हुबे होते की," रामहरी खाली बघत म्हणाला. "म्हातारा झाला, इसरतो, म्हणून हसतील वाटलं."

"म्हणून ते हसू माझ्या पदरात टाकलंत?" रंभाबाई म्हणाली.

"व्हय."

त्या 'व्हय'च्या मागून 'पर' आला नाही. रंभाबाईनं थोडा वेळ वाट बघितली. तरीही आला नाही. मग तिच्या आवाजातली धार जरा उतरली.

"आन् कायमची जाईल म्हणं! जायचंच असतं तर रेल्वेत गर्दी सोसून हितवर भांडाया आले असते व्हय?"

आता मात्र मॅडमना हसू आवरलं नाही. रामहरी हसला. रंभाबाईही हसली, आणि हे हसू कुणासाठी म्हणून नव्हतं.

"आजच्यापुरतं पुरे करूया," मॅडम म्हणाल्या.

"पुरं?" रंभाबाईनं डोळे मोठे केले. "अवं, आत्ता कुटं माझी सुरवात झालीया."

"मॅडम, फुडच्या खेपंलाबी हिचीच बारी धरा," रामहरी म्हणाला.

दोघं जिना उतरून खाली आले. रस्त्यावर हॉर्नचा नुसता कालवा चालला होता. रामहरीनं मोटारसायकल वळवून घेतली आणि मागं न बघताच विचारलं, "ठेसनावर सोडू, का घरला?"

रंभाबाई मागं बसली. साडी नीट खोचली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"घरला चला. पर गाडी बेतानं हाना. थोरल्या लेकाच्या लग्नातलं सांगायचंय मला, वाऱ्यात ऐकू यायचं न्हाय."