तिसरा संगणक

"एका वेळी एकच संगणक बंद करायचा, बाकीचे चालू," रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका शरयूताईंनी वहीत रकाने आखत बजावले. घरातल्या एकाच ब्रॉडबँडवर तीन संगणक चालत आणि सोमवारपासून तिन्ही रखडत होते. आज अकरा वाजता त्यांच्या सुनेची, गार्गीची, नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती.

"राउटर ईशान्येला हलवून बघ," त्यांचे यजमान अप्पा म्हणाले.

"विद्युतचुंबकीय लहरी वास्तुशास्त्र वाचत नाहीत हो!" ताईंचा संशय गार्गीच्या संगणकावर होता.

तो बंद केला, वेग तसाच. अप्पांचा बंद केला, तरीही तसाच. प्रत्येक वेळी ताई स्वतःच्या संगणकावर वेग मोजून आकडा टिपत होत्या.

"आई, तुमचा राहिला," गार्गी म्हणाली.

"अगं, तो तर मोजमापाचा!" म्हणता म्हणता ताईंची पेन्सिल थांबली. आधी उपकरण तपासा, हे त्यांनीच तीस वर्षे शिकवले होते. त्यांनी आपला संगणक बंद केला आणि गार्गीच्या संगणकावर वेग दसपट झाला. सोमवारी ताईंनीच आपली सारी जुनी छायाचित्रे इंटरनेटवर साठवायला लावली होती. ती अजून चढतच होती.

मुलाखत एकदाही न अडखळता पार पडली. गार्गी बाहेर येताच ताईंनी वही तिच्यापुढे सरकवली. निष्कर्षाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: दोष निरीक्षकाचा.

"तपासून सही कर," त्या म्हणाल्या. "आणि गुण कापायला कचरू नकोस. मी कधी कचरले नव्हते."