हिरवा तंबू

पाण्याचे दोन कॅन घेऊन ताई हिरव्या तंबूत वाकून शिरली. कॅन दाराशी टेकवले, बूट काढले आणि समोरच्या गादीवर आडवी झाली. जरा पाठ टेकावी, एवढंच मनात होतं. कापडातून झिरपणारं दुपारचं ऊन आत येऊन हिरवं झालं होतं; तळ्याच्या तळाशी निजल्यासारखं वाटत होतं. लांब रंगमंचावर कुणीतरी बासरी लावून बघत होतं. दोन सूर यायचे, थांबायचे, पुन्हा तेच दोन सूर. पहाटेची पहिली बस चालवणारी ती बाई. घरी शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी दचकून उठायची. इथे मैदानभर माणसांच्या गलक्यात तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा शेजारच्या गादीवर एक म्हातारा संत्रं सोलत बसला होता.

ती धडपडून उठली. "काका, तुम्ही इथे कसे?"

"तंबू माझा आहे म्हणून," तो शांतपणे म्हणाला.

ताईने भोवती पाहिलं. कापड तेच, रंग तोच. पण पिशव्या निराळ्या, कोपऱ्यात कुणाची तरी काठी. तिने कपाळावर हात मारला. धाकट्या बहिणीने बजावून बजावून सांगितलं होतं, तंबूला ओळखीचं काहीतरी बांध, तिथे सगळे एकसारखे दिसतात. त्यावर ही म्हणाली होती, "अख्ख्या शहराच्या गल्ल्या मला पाठ आहेत, एक तंबू नाही सापडणार होय?"

धाकटी दर उन्हाळ्यात या संगीत महोत्सवाला यायची आणि दर वर्षी एकेक चूक करून शहाणी व्हायची. खोलगट जागी तंबू लावला आणि रात्रभर पाण्यात लोळली. कोरे करकरीत बूट घालून आली आणि अनवाणी परतली. हे सगळं शहाणपण महिनाभर ती ताईच्या गळी उतरवत होती. मोजे पिशवीत बांधून घे. कानात घालायला बोळे घे. उशाशी टॉर्च हवाच. ताईनेही काही कसर ठेवली नव्हती. दोघींच्या खोलीत, दोन खाटांच्या मधल्या जागेत तिने तंबू उभारून पाहिला होता, मोडून पाहिला होता, पुन्हा उभारला होता. धाकटी हसून म्हणाली होती, "ताई, आपण गाणी ऐकायला चाललोय गं, लढाईला नाही."

सोमवारी धाकटी नोकरीसाठी समुद्रापलीकडे निघणार होती. त्याबद्दल दोघी चकार शब्द काढत नव्हत्या. मोज्यांचं बोलणं सोपं होतं.

"मला उठवायचं तरी," ताई ओशाळून म्हणाली.

"काय सांगून उठवणार?" म्हाताऱ्याने संत्र्याचा अर्धा भाग तिच्या हातावर ठेवला. "मी आलो तेव्हा तुम्ही त्या कुशीवर होतात, पाठमोऱ्या. मी परत बाहेर गेलो. बाहेर थोडा वेळ उभा राहिलो. मग हळूच आत येऊन बसलो."

संत्रं उन्हाने कोमट झालं होतं. ताई एकेक फोड खात राहिली. बासरीला आता तिसरा सूर सापडला होता.

"बायको पुढे जाऊन नाचायची," तो म्हणाला. "मी इथे तिच्या चपला सांभाळत बसायचो. मला गाण्यातलं काही कळत नाही, खरं सांगतो. यंदा मुलगी म्हणाली, बाबा, एकटे जाताय, ओझं कमी न्या. मग खुर्ची आणली नाही, स्टोव्ह आणला नाही. स्वतःवर खूश होतो. इथे येऊन वळकटी सोडली, तर आत दोन गाद्या."

तो हसला. ताईलाही हसू आलं.

"एकट्यापुरतं बांधायचं कसं, ते हातांना कळतच नाही अजून," तो म्हणाला.

"कळलं की मलाही सांगा, काका."

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मान हलवली.

ताई उठली. मघाशी बूट कसेही भिरकावले होते. ते आता दाराशी सावलीत, टाचेला टाच लावून ठेवलेले होते. बूट चढवून ती मागे वळली आणि गादीवरची चुरगळलेली चादर नीट करायला वाकली. उशीत तिच्या डोक्याचा खळगा पडला होता.

"राहू द्या," म्हातारा एकदम म्हणाला. मग आवाज उतरवून, "राहू द्या तसंच. संध्याकाळपर्यंत."

तिने हात मागे घेतला.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. तंबूंच्या रांगांमधून कुणाची तरी सावली कापडावरून सरकत जायची, लांबायची, विरून जायची. आणि त्या सगळ्या गजबजाटातून, बासरीच्याही पलीकडून, एक हाक आली. "ताई!" थोडं थांबून, पुढच्या रांगेतून, जरा जवळून, "ताईऽऽ!" आवाजात काळजी होती, थोडा राग होता, आणि लहानपणी अंधारात पाणी प्यायला उठताना धाकटीच्या हाकेत असायचा तसला सूर होता.

"तुम्हालाच शोधतंय कुणीतरी," म्हातारा म्हणाला. "जा की."

ताई कॅन हातात घेऊन तंबूच्या दाराशी उभी होती.

"जाते," ती हळूच म्हणाली. "अजून एक हाक येऊ दे."