टँकरची घंटी

"घरातली एक अडचण शोधा आणि ती सोडवणारी वस्तू बनवा," शेंद्र्याच्या शाळेत चारुता मॅडमनी चौथीला सांगितलं. प्रेरणानं रस्त्यापासून वर्गापर्यंत सुतळी ओढून टोकाला घंटी बांधली. पाण्याचा टँकर आला की ड्रायव्हरनं सुतळी ओढायची.

"अगं, घंटी घरी नको का वाजायला?"

"घरी कोण असतंय मॅडम? आई-पप्पा कंपनीत. पाणी मीच भरते."

मॅडमनी कौतुकानं घंटी तशीच राहू दिली. आता ती वाजली की अख्खा वर्ग हंडे भरायला पळतो आणि मॅडम खडू खाली ठेवतात.

परवा सुतळी तुटली. शाळा सुटेपर्यंत वर्ग भरलेला राहिला, घरोघरचे हंडे मात्र रिकामे.

काल सकाळी मॅडमनी फळ्यावर तारीख लिहायच्या आधी सुतळीला गाठ मारली.