काढ तो फोटू

या, जवळ बसा माउलींनो, एका फोटोची गोष्ट सांगते. उल्हासनगरच्या हॉलमध्ये रिद्धीनं खाडीकाठच्या बुडत्या गावांचे फोटो मांडले होते. मधोमधच्या फोटोत होती तिची लग्न ठरलेली मावसबहीण, घरात शिरलेल्या उधाणाच्या पाण्यात, डोक्यावर भाताचं पातेलं धरून. मावशी धावत आली. "काढ तो फोटू! व्याही आलेत. असल्या घरची पोर कोन नेल? लगीन मोडंल गो!" रिद्धीनं फ्रेम उतरवायला हात घातला, पण नवऱ्यामुलाची आई गोदूबाई समोरच उभी! फोटोवरून तिची नजर हलेना. "अगो, हे लपवता कशाला?" गोदूबाई म्हणाली. "आमच्या बेलवलीत नदी शिरली, की आमचा तं पलंग बुडतो! तुमी पोर देनार नाय, म्हनून आमीच गप होतो." देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा, तिला माहेरी पाणी, सासरीही पाणीच.