पाच वर्षांची ओळख

“पाच वर्षं. त्याहून एक दिवस कमी चालणार नाही,” विश्वासराव म्हणाले आणि त्यांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला.

समोर बापू बसला होता. बसला म्हणजे काय, खुर्चीच्या कडेला नुसता टेकला होता. करजणच्या हायवेवर उभे ट्रक हलके करणाऱ्या टोळीत तो सापडला आणि सहा वर्षं बडोद्याच्या तुरुंगात काढून नुकताच सुटला. आत पुस्तकं बांधायला शिकला. सयाजीगंजात वसतिगृहांच्या शेजारी एका झेरॉक्सवाल्यानं त्याला दुकानामागची खोली देऊ केली होती. नव्वदीची ती वर्षं. गल्लोगल्ली झेरॉक्सची दुकानं निघत होती, पोरं प्रबंध बांधून घ्यायला रांगा लावत होती. आता फक्त कागद कापायचं यंत्र हवं होतं. ते सोमवारपर्यंत आलं नाही तर खोली एसटीडी बूथवाल्याला जाणार होती, आणि आज शुक्रवारची संध्याकाळ.

यंत्र द्यायला विश्वासरावांची संस्था होती ना! सुटून आलेल्या कैद्यांना धंद्याची साधनं द्यायची, हाच तिचा उद्देश. विश्वासराव तिचे चिटणीस. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरी म्हणजे त्यांच्याच घरातली पुढची खोली. अर्जाचा नमुनाही त्यांनीच बसून तयार केलेला. त्यातलं सातवं कलम असं, की अर्जदाराला गेली पाच वर्षं जवळून ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या पाहिजेत. नातेवाईक नकोत, पोलीस नकोत, तुरुंगाचे नोकर नकोत, आणि कैदी तर नकोतच नकोत. आता पाच वर्षं आत असलेल्या माणसाला जवळून ओळखणार कोण, तिथली भिंत? पण विश्वासरावांना हे सांगायचं कुणी? संस्था निघून दोन वर्षं झाली होती आणि अजून साधा पान्हासुद्धा कुणाला मिळाला नव्हता. विश्वासरावांना त्याचा अभिमानच वाटे. एकही चुकीचा माणूस शिरला नव्हता.

“साहेब, मी आतच होतो ना,” बापू काकुळतीनं म्हणाला. “बाहेरचं माणूस मला कुठून ओळखणार?”

“ते मला सांगू नकोस. नियम म्हणजे नियम.”

बापूनं डोकं खाजवलं. “तशा एक बेन होत्या. मंदाबेन. दर गुरुवारी यायच्या, आम्हाला लिहायवाचायला शिकवायच्या. मी अंगठेबहाद्दर, साहेब. ही अर्जावरची सही आहे ना, ती त्यांनीच शिकवलेली. इथला पत्ताही त्यांनीच दिला.”

विश्वासराव खूश झाले. चला, नियमात बसणारं काहीतरी निघालं! “गुजराती बाई दिसतात. असतात बुवा त्यांच्यात अशा धीराच्या. आमच्या घरच्या बायका तुरुंगाच्या रस्त्यानंसुद्धा जायच्या नाहीत. बोलव त्यांना.”

“बोलवायला कशाला पाहिजे?” आतून आवाज आला.

पडदा सारून मंदाकिनीबाई बाहेर आल्या. हातात चहाचा ट्रे. बापू ताडकन उठला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

“मंदाबेन! तुम्ही इथं?”

“घर आहे माझं. बस, बस. आणि नीट मागं सरकून बस, पडशील.”

विश्वासराव बघतच राहिले. बायको प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी जेवणं आटोपली की “शिकवणीला जाते” म्हणून घराबाहेर पडते, हे त्यांना ठाऊक होतं. असेल कुणाच्या तरी पोराची शिकवणी, म्हणून त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

“सहा वर्षं तू तुरुंगात जातेस?”

“सात. हा सहाच वर्षं होता.”

“आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?”

“दर गुरुवारी सांगून जात होते. आज काय शिकवलंस, म्हणून तुम्ही एकदा तरी विचारलंत?”

विश्वासरावांना आधी राग आला. मग चांगलीच लाज वाटली. बापूला वाटलं, गेलं यंत्र! तो उठून उभा राहिला. “साहेब, माझ्यापायी घरात भांडण नको. मी निघतो.”

“खाली बस!” नवराबायको एकदम ओरडली.

मंदाकिनीबाईंनी पेन उचललं आणि सातव्या कलमाखाली सही ठोकली. ओळख किती वर्षांची, या रकान्यात ‘सहा’ लिहिलं. “एक झाली,” त्या म्हणाल्या. “दुसरी?”

दुसरं कुणी नव्हतं. विश्वासरावांनी अर्ज पुढ्यात ओढला आणि बापूची सही पहिल्यांदाच नीट पाहिली. मोठी, गोल, पहिलीतल्या मुलानं जीव लावून काढावी तशी. त्यांनी रिकाम्या जागी आपलं नाव लिहिलं.

मंदाकिनीबाई खांद्यावरून डोकावत होत्या. “अहो, हे काय? ‘ओळख: अर्ध्या तासाची’? आणि तुमचं ते कलम?”

“कलम मी लिहिलं, मीच खोडतो. कमिटीला काय सांगायचं ते मी बघेन. पण खोटं लिहिणार नाही. बापू, यंत्र उद्याच आणू.”

बापूला हसावं की रडावं कळेना. त्यानं सगळा चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

“मग निदान खाली एवढं तरी लिहा,” मंदाकिनीबाई हसत म्हणाल्या, “की पहिली सही करणाऱ्या बाईंना मी बत्तीस वर्षं ओळखतो. जरा वजन येईल.”

विश्वासरावांनी पेनाला टोपण लावलं.

“खोटं लिहिणार नाही म्हटलं ना? तुझी ओळख तर मला बापूच्याही नंतर झाली.”